तान्हुबाई आणि वाऱ्याची लेक

राजाराणी काल झाली, आज राजा नाही. आज एक सुईण. सुईण म्हणजे बाळंतपण करणारी बाई, बरं का. तान्हुबाई तिचं नाव. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, तिथली सगळी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. बाळ झालं की तान्हुबाई आधी दार लावायची, मग खिडकी लावायची, मग फटीत चिंध्या कोंबायची. बाळंतिणीला आणि बाळाला वारं लागू द्यायचं नाही म्हणजे नाही. तिच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. गावभरची पोरं तिला आजी म्हणायची. आई म्हणणारं मात्र कोणी नव्हतं तिला.

मग काय झालं, एकदा मोठं वादळ झालं आणि रानातला जुना आंबा उन्मळून पडला. तान्हुबाई काटक्या आणायला गेली, तर फांदीला चिकटून एक रोप मुळूमुळू रडत होतं. सीतेची वेणी म्हणतात त्याला. तुम्ही दुकानात ऑर्किड बघता ना ऐटीत बसलेलं, त्याची ही रानातली बहीण. पानं चेपलेली, मुळं तुटलेली. तान्हुबाईनं तिला पदराखाली घेतलं, तशी ती म्हणाली, "आई."

झालं, म्हातारी विरघळली की. झाड बोलतं का म्हणून विचारू नकोस मुक्ते, गोष्टीत बोलतं. ऐक गप.

तान्हुबाईनं तिचं नाव वेणीच ठेवलं आणि उपचार सुरू केले. मग तिनं काय केलं, मडक्यात मऊ माती भरली, वेणीला गळ्यापर्यंत पुरलं आणि वरून गोधडी गुंडाळली. दाराची कडी वाजली. बाहेर वारा उभा. "मला आत घे," म्हणाला. "चल नीघ," तान्हुबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी पानं पिवळी पडली.

मग तिनं पानांना तेल चोळलं आणि वरून ऊन ऊन पाण्याचे तांबे ओतले. वाऱ्यानं खिडकी हलवली. तान्हुबाईनं खिडकीला पाटा लावला. वेणीचं एक पान गळून पडलं.

मग तिनं बाळगुटी उगाळून पाजली, शेगडी पेटवली, ओव्याची धुरी दिली. घरात इतका धूर झाला की म्हातारीला स्वतःचा हात दिसेना. वाऱ्यानं कौलं खडखडवली, तर ही आतून काठीनं कौलांना ढोसतेय. कमालच बाई होती. पण वेणीचा आवाज पार खोल गेला. "आई," ती म्हणाली, "वारं दे."

"अगं, वारं लागलं तर जाशील तू. मला पुन्हा आई कोण म्हणेल?" असं म्हणून तान्हुबाई ढसाढसा रडली. वेणी पुन्हा एवढंच म्हणाली, "वारं दे."

आता बघा, जन्मभर तान्हुबाईची एक ऐट होती. पोर का रडतंय ते तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. आणि हे पोर तर चक्क तोंडानं सांगत होतं. तिला स्वतःचाच राग आला. तिनं डोळे पुसले, चिंध्या उपटल्या आणि दार उघडलं.

वारा हळूच आत आला. रागावला नाही हो. म्हणाला, "बाई, ही झाडावर माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. मातीत हिचा जीव गुदमरतो. हिची मुळं वारा पितात."

मग तान्हुबाईनं वेणीला मातीतून अलगद काढलं. कुजकी काळी मुळं विळीवर कापली. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली. नारळाच्या केसाळ सोडणावर तिला बसवलं आणि आपल्या लुगड्याची पट्टी फाडून अंगणातल्या फणसाला बांधलं. सकाळी तांदळाच्या धुवणाचे चार थेंब शिंपडायचे, बाकी सगळं वाऱ्यावर सोपवायचं. घर रिकामं झालं. म्हातारी फणसाखाली बसून राहिली. वेणी काही बोलेना. चूल पेटवायचंही तान्हुबाईच्या मनात येईना. आपल्याच हातानं पोर घालवलं, असं तिला वाटायला लागलं.

असे कितीतरी दिवस गेले. मग एका सकाळी सोडणातून हिरवं टोक डोकावलं, तान्ह्या बाळाच्या नखाएवढं. नवं मूळ होतं ते. वारा फांदीवर झुलत होता. आणि वरून चांगला खणखणीत आवाज आला, "आई, जेवलीस का?"

तान्हुबाईनं गावभरच्या बायकांना भरवलं होतं, पण जेवलीस का म्हणून तिला कोणी विचारलं नव्हतं. तिनं मान वर करून वेणीकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही गं बाळा. आता जेवते." मग तिनं घरात जाऊन भात टाकला आणि ताट घेऊन फणसाखालीच बसली. वेणी वरून सांगत होती, "अजून थोडा घे." आणि तान्हुबाई घेत होती.

पोटभर जेवली हो म्हातारी. तुम्हीही जेवलात, मीही जेवले. आता माझ्या गोधडीतून पाय काढा आणि निजा बघू.