चांगुणेचा शिंपला

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या कोळीवाड्यात चांगुणा नावाची पोर राहायची. आईबाप देवाघरी गेलेले. होता एक भाऊ, पोशा. त्या वाड्यात रीत अशी, की माणूस होडी लोटायला निघाला की घरच्या बाईनं एक तिसरी, म्हणजे दोन शिंपल्यांची जोडी, उघडायची. एक शिंपला त्याच्या कमरेला, दुसरा घरी चुलीपाशी. तर पोशा गेला तो परतलाच नाही. दर्याराजानं ठेवून घेतला त्याला, बरं का, मोती राखायला.

चांगुणा रोज दोन ताटं वाढायची. एकात जेवायची, दुसऱ्याकडे बघून रडायची. फार आठवण यायची हो तिला. मग एक दिवस उठली, शिंपला मुठीत घेतला आणि तडक पाण्यात शिरली.

दर्याराजा म्हणाला, "ने की भाऊ. पण ओळखून ने. एकदाच हात धरायचा. चुकलीस तर तो कायमचा माझा."

बघते तर समोर तीन पोशा! तेच नाक, तेच डोळे, आणि तिघंही मुके. प्रत्येकाच्या हातात एकेक शिंपला.

पहिल्याचा होता परातीएवढा. हा कसला पोशा!

दुसऱ्याचा मात्र अगदी तिच्यासारखा. तेवढाच, टोक तिकडेच, तांबडा डागही तिथेच. चांगुणेला रडू फुटलं. हात धरणार, तोच तिला आईचे बोल आठवले, "आधी जुळवून बघ गो, मग रड." तिनं शिंपल्याला शिंपला लावला. एकाचं टोक इकडे, दुसऱ्याचं तिकडे. काही केल्या मिटेना! दर्याराजानं तिच्याच शिंपल्याची नक्कल केली होती, हुबेहूब. मेल्याला एवढंही कळलं नाही, की उजव्याची जोडी डाव्याशी लागते.

मग तिसरा. त्याचं टोक उलट, डागही उलट. तिनं भीतभीत लावला. टक्! असा मिटला, की मधून केससुद्धा जाऊ नये.

तिनं हात घट्ट धरला, आणि मुक्याला वाचा फुटली. "बाय गो, किती उशीर केलास!" पोशा म्हणाला. "मी रोज वाट बघत होतो."

"मीपण रे," एवढंच तिला बोलता आलं.

मग दोघं घरी आली. त्या दिवशी दुसरं ताटही जेवलं. पुढे बहीणभाऊ सुखानं राहिली.

आणा आता तुमचे हात. हा डावा, हा उजवा. जुळले? घ्या गालाखाली, आणि मिटा बघू डोळे.