हातापुरता खुंटा

"मग चूक कुणाची, माई? माझी?"

सर्जेराव दारातूनच ओरडला. एरवी माईंच्या मठीत शिरताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावणारा हा शिष्य. आज चपला काढायचंही भान त्याला नव्हतं.

माई नाचणी दळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"चपला," एवढंच म्हणाल्या.

त्यानं चपला दाराबाहेर भिरकावल्या.

घाटमाथ्यावर बंगल्यांचं बांधकाम जोरात होतं आणि वर विटा-वाळू पोचवायचं काम सर्जेरावाकडे होतं. गाडी त्याची, चालवणारा त्याचा धाकटा भाऊ आनंदा. पिकअप घाटात धापा टाकते म्हणून सर्जेरावानं इंजिनाला मोठा टर्बो बसवला, वर कॉम्प्युटर लावून मेस्त्रीकडून ताकद वाढवून घेतली. गिअरबॉक्स मात्र होता तोच राहिला. मग काय, भरली गाडी घाट अशी चढायची, की सर्जेराव चावडीवर मिशीला पीळ देत बसायचा. जणू गाडी हाच पाठीवरून नेत होता.

आणि परवा देवीच्या वळणावर गिअरबॉक्स फुटला. इंजिन बोंबलत राहिलं, चाकं फिरेनात. ब्रेकला ओझं पेललं नाही आणि गाडी मागं दरीकडे सरकू लागली. आनंदानं स्टेअरिंग मारून ती कशीबशी डोंगराला घासवली. जीव वाचला, खांदा मोडला.

दवाखान्यातून तो भावाच्या घरी गेलाच नाही. मठीच्या आतल्या खोलीत येऊन पडला. कारण तोवर सर्जेरावानं साऱ्या गावाला सांगून टाकलं होतं, "आनंदानं मोडला. गिअर टाकायची अक्कल न्हाई त्याला." उचलली जीभ, लावली टाळ्याला. आता पंचक्रोशीत आनंदाच्या हाती गाडी द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि गाडी चालवण्यावाचून दुसरी विद्या त्या बिचाऱ्याला येत नव्हती.

"त्याला घरी चल म्हणून सांगा," सर्जेराव म्हणाला. "तुमचं ऐकतो त्यो. सख्खा भाऊ मठीत पडलाय म्हणून लोक माझ्या तोंडात शेण घालाय लागलेत."

"आन् तू काय सांगतोस लोकास्नी?"

"खरं हाय तेच. नाचता येईना, अंगण वाकडं! माझं इंजिन बघा की जाऊन. एक ओरखडा न्हाई. अजून वाघावाणी बोलतंय."

जातं थांबलं.

"मेस्त्री काय म्हणला व्हता?"

"कवा?"

"ताकद वाढवलीस तवा."

सर्जेरावानं छताकडं पाहिलं...

"म्हणला, गिअरबॉक्स पहिल्या इंजिनापुरता हाय. जास्त ताण दिला तर सोसायचा न्हाई. दमानं घ्या."

"कुणाला म्हणला?"

"मला."

"चालवत कोण व्हतं?"

"आनंदा."

"त्याला सांगितलंस?"

सर्जेराव उसळला. वर्मावर बोट पडलं की माणूस उसळतोच.

"सांगून काय उजेड पडला असता? भित्रा हाय त्यो! मुंगीच्या पावलानं गाडी नेली असती. मग ताकद वाढवून उपेग काय? समद्यांनी मलाच धरा. मेस्त्री शहाणा, भाऊ गरीब, आन् मी तेवढा चोर!"

आतल्या खोलीत खाट करकरली. तो आवाज दोघांनीही ऐकला.

माई रागीट आहेत हे गावाला ठाऊक होतं. पण त्यांचा राग सर्जेरावानं इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि जात्यासमोरची जागा त्यांनी मोकळी केली.

"बस. दळ."

"माई, मी काय बोलतोय आन् तुम्ही..."

"दळ म्हणते ना!"

तो बसला. माईंनी जात्यात मूठभर नाचणी टाकली.

"सावकाश. खुंटा जुना हाय. माझ्या हातापुरता हाय त्यो."

सर्जेरावानं ऐकलं. ऐकून खुंटा मुठीत धरला. पहिले दोन वेढे त्यानं बेतानं दिले. पण डोक्यातला राग दंडात उतरला होता, आणि दंड तर तालमीत कमावलेला. वरचा दगड गरगरू लागला. अर्धी नाचणी अख्खीच बाहेर उडायला लागली. माई समोर उभ्या राहून बघत होत्या. त्या थांब म्हणतील असं त्याला वाटलं... त्या म्हणाल्या नाहीत. मग त्यानं आणखी जोर लावला.

काडकन आवाज झाला.

सर्जेराव भुईवर कोलमडला. बोटांची सालं निघाली होती. खुंट्याचा तुकडा त्याच्या मुठीतच होता. दगडाला काही झालं नव्हतं, दंडालाही काही झालं नव्हतं.

"कुजका व्हता," तो लगेच म्हणाला.

माईंनी उडालेली नाचणी एका बाजूला सारली.

"उद्या लोखंडाचा बसवून देतो."

"मग दगड फुटंल."

सर्जेरावानं मूठ उघडली. लाकूड जिथं तुटलं होतं तिथं आतून पिवळंधमक होतं. कीड नव्हती, कुज नव्हती. इतकी वर्षं रोज दळण झेललेलं निरोगी बाभळीचं लाकूड. त्याला ते दिसलं. ते त्याला दिसलं हे माईंनाही दिसलं.

आत पुन्हा खाट करकरली.

"माई..." तो म्हणाला.

माईंनी त्याची मूठ पुन्हा तुकड्यावर घट्ट मिटवली आणि दाराकडं बोट केलं.

"जाताना चावडीवर दाखव. सांग... आनंदानं मोडला."