लव्हाळ्यातली अंडी

त्या राज्यात तळ्यापेक्षा तळ्याच्या चित्राला मान मोठा होता. चित्रं काढायचा साळिंदर. स्वतःच्याच पाठीचा काटा उपटायचा, रंगात बुडवायचा आणि असं काही रंगवायचा की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

एकदा त्यानं तळं रंगवायला घेतलं. पण काठावरची लव्हाळी मध्ये येत होती, पाणी म्हणून दिसेना. त्यानं रेड्यांना बोलावलं. रेड्यांचं काय, सांगितलं की तुडवतात.

तेवढ्यात लव्हाळ्यातून पाणकोंबडी धावत आली. "दादा, आत माझी अंडी आहेत हो! पिल्लं निघू देत, मग काय हवं ते करा."

"अगं वेडे, हा उजेड काय तुझ्या पिल्लांसाठी थांबणार आहे?" साळिंदर हसला. "रडू नकोस. तुझं घरटं चित्रात घेतो की! नाव होईल तुझं."

रेड्यांनी काठ साफ केला. साळिंदरानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो रंग कालवत होता.

चित्र झालं, पण मेलं काही केल्या जमेना. तळं नुसतं बोडकं दिसत होतं. मग त्यानं आठवून आठवून लव्हाळी रंगवली, आत घरटं काढलं, घरट्यात तांबूस ठिपक्यांची अंडी. आता कुठे चित्रात जीव आला.

रंग वाळायच्या आधीच ते वडाखाली मांडलं. बघायला सारं राज्य लोटलं. "अहाहा, काय ती अंडी!" जो तो म्हणे. साळिंदर काटे फुलवून उभा होता.

गर्दीतून पाणकोंबडी आली. आता ही शिव्या घालणार, असं त्याला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं चित्राकडे पाहिलं, "अगंबाई, इथं आहेत होय!" म्हणाली, आणि पांढरी छाती त्या अंड्यांना टेकवून उबवायला बसली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साळिंदराचे कान तापले, काटे मिटले. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं. 'बाई, ती खरी नाहीत,' एवढं सांगायला त्याची जीभ उचलेना.

संध्याकाळी ती उठली. छातीला तांबूस रंग लागला होता आणि चित्रातलं घरटं पुसून रिकामं झालं होतं. "निघाली वाटतं पिल्लं!" असं म्हणत ती लगबगीनं उघड्या काठावर गेली आणि पिल्लांना हाका मारू लागली.

इकडे कुणीतरी साळिंदराच्या पाठीचा एक काटा उपटून त्याच्या पंजात दिला.

"दादा, तेवढी अंडी पुन्हा रंगवून टाका. तुम्हाला काय कठीण आहे!"