राजाच्या वाटीतलं दही

"हिवाळ्यात विहिरीचं पाणी ऊन का लागतं? सांगा!"

चांदणगडचे दंडधर महाराज आपल्या निवडशाळेत मिशीला पीळ देत उभे होते. ही शाळा त्यांची भारी लाडकी. अख्ख्या राज्यातून चाळून-पाखडून घेतलेली अकरा मुलं, बसायला रेशमी आसनं, शिकवायला खंडोपंत पंतोजी! पण प्रश्न ऐकला आणि अकराही मुलं आढ्याकडे बघायला लागली.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "पाणी असतं तसंच असतं, महाराज! आपले हातच गारठलेले असतात!"

खिडकीत उभी होती येसू, धर्मा परटाची पोर. डोक्यावर धुण्याचं बोचकं. घाटावर जाता-येता ती रोज इथं थांबायची, पंतोजींचं बोलणं कानात भरून घ्यायची आणि दिवसभर धुणं आपटता आपटता तेच घोळवत बसायची.

"कोण गं तू? आत ये!" महाराज गरजले.

"आत यायलाच तर रोज इथं थांबते, महाराज! मला एकटीला नका घेऊ मात्र. हे पण आहेत."

महाराजांनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. भिंतीला पाठ लावून बुरुडाच्या दोघी मुली, गुराख्याचा गण्या आणि कासाराची चार पोरं ओळीनं बसलेली! महाराजांना पाहून सगळ्यांनी एकदम नमस्कार केला. आत पंतोजी हळूच हसले आणि लगेच खोकले.

"असं ऊठसूट सगळ्यांना घेतलं तर माझ्या शाळेची गोडी राहील का? चांगली गोष्ट थोडीच असते, म्हणून चांगली असते!" महाराजांनी टाळी वाजवली. "आणा रे माझं दही!"

राजवाड्यातलं दही म्हणजे काय विचारता! सुरीनं कापावं असं घट्ट, जिभेवर ठेवलं की विरघळणारं. चांदीची भरली वाटी आली.

"हे दही म्हणजे माझी शाळा. यातलं अर्धं मी इथंच कुलपात, मोहोर लावून ठेवतो, चव ताडून बघायला. उरलेलं अर्धं तू घे. परवा सकाळी गावातल्या प्रत्येकाला यातलं वाटीभर दही मिळालं पाहिजे. चव हीच! आणि माझी वाटीसुद्धा काठोकाठ भरून परत! जमलं तर शाळा उघडी. नाही जमलं तर ही खिडकी चिणून टाकीन!"

लगेच गवंड्याला बोलावणं गेलं. तो विटांचा ढीग रचून भिंतीजवळ बसला.

येसूनं विटांकडे पाहिलं. खिडकी गेली तर मग उरलं काय? नुसतं धुणं! तिनं दह्याकडे पाहिलं. मग महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी जन्मभर दही खाल्लं होतं, पण ते होतं कसं, हे बघायला मुदपाकखान्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

शेजारी उभ्या प्रधानजींच्या ते ध्यानात आलं. "महाराज, दही म्हणजे... त्याचं असं असतं की..."

"मध्ये बोलायचं नाही!"

दही घेऊन आलेल्या आचाऱ्यानं हसू लपवायला उपरण्यात तोंड खुपसलं.

"कबूल, महाराज!" येसू म्हणाली, अर्ध्या दह्याची वाटी घेतली आणि धूम पळाली.

घरी धर्मा परटानं कपाळाला हात लावला. "पोरी, राजाशी पैज? उद्या आपल्याला गाव सोडायला लागेल!"

"बाबा, आधी ते कपडे उकळायचं पातेलं घासून द्या!"

मग ती दारोदार हिंडली. "मावशी, दूध द्या! काकी, दूध द्या!" कुणी म्हशीचं दिलं, कुणी गाईचं.

बुरुडाची म्हातारी दारातूनच म्हणाली, "माझ्याकडं शेळीचं आहे गं. राजाच्या दह्यात चालंल का?"

"तापवलं की सगळं चालतं, आजी! ओता!"

दूध तापलं, कोमट झालं. येसूनं ते गाडग्यांत ओतलं आणि राजाचं दही चमचा-चमचा घालून हलक्या हातानं ढवळलं. "आता कुणी हलवू नका हं!" सकाळी गाडग्या-गाडग्यांत घट्ट दही! त्यातलंच विरजण त्याच दिवशी घरोघरी गेलं.

परवाची सकाळ उजाडली. चौकात पंगत बसली, आणि काय मिटक्या! पंतोजींनी बोटं चाटली. हत्तीवरचा माहूत खाली उतरून रांगेत बसला. महाराजांनी काठोकाठ भरून आलेली आपली चांदीची वाटी संपवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आणखी वाढ!"

दुसरी वाटी संपल्यावर त्यांना पैज आठवली. "थांबा! चव ताडून बघू. माझं राखलेलं दही आणा!"

कुलूप उघडलं, मोहोर फोडली, झाकण काढलं...

अरे देवा! भालदारानं नाक धरलं. चोपदारानं भालदाराचं नाक धरलं! दही आंबटढाण झालं होतं, पाणी सुटलं होतं, वर हिरवी बुरशी.

"हे कुणी नासवलं?" महाराज ओरडले.

"कुणीच नाही, महाराज," येसू म्हणाली. "त्याच्यात कुणाला येऊच दिलं नाही, म्हणून ते नासलं! माझ्या वाटणीचं मी गावच्या दुधात मिसळलं. ते बघा, गावभर झालं आणि तुमची वाटीही काठोकाठ भरून आली!"

"गावचं दूध? कसलं?"

"मिळेल ते. शेळीचंसुद्धा!"

"शेळीचं? आणि मी ते खाल्लं?"

"दोनदा! मागून!"

महाराज क्षणभर लाल झाले. मग त्यांची मिशी थरथरली, पोट हललं आणि ते असे हसत सुटले की मुकुट घरंगळत कासाराच्या पोरांपर्यंत गेला!

"आता बोला, प्रधानजी! परवा काय सांगत होतात?"

"हेच, महाराज!"

गवंडी पुढं आला. "सरकार, या विटांचं काय करू?"

"खिडकीचं दार कर, आणि विटांच्या पायऱ्या! सगळ्यांना चढता आलं पाहिजे!" मग महाराज येसूकडे वळले. "ही चांदीची वाटी तुझी. आणखी काय हवं, माग!"

"जागा, महाराज! त्या नव्या दाराजवळची."

"दाराजवळची? पुढं बस की, पंतोजींसमोर!"

"नको. बाहेर कुणी उभं राहिलं, तर हाक मारायला बरं पडेल!"

महाराज पुन्हा हसायला लागले आणि हसता हसताच त्यांनी पंगतीतलं आपलं रेशमी आसन उचलून स्वतः शाळेत नेलं आणि दार होणार होतं त्या खिडकीजवळ येसूसाठी घातलं.