पुढच्या ब्रेकला हाक

गाड्या माणसांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. डोंगरातल्या वाड्यांवर औषधं पोचवणाऱ्या रखमाक्काची एक मोटारसायकल होती. तिचा पुढचा ब्रेक नेहमी उदास असे. "तो दाबला की माणूस उलटून पडतो," असं कुणीतरी सांगितल्यापासून अक्का त्याला हातच लावत नसे. मागचा ब्रेक त्याला मिजाशीत म्हणे, "तू आपला शोभेला बस!"

एकदा उतारावर वळण संपताच समोर शेळ्यांचा कळप आला. अक्काने पायाखालचा ब्रेक करकचून दाबला. मागचं चाक अडकलं आणि गाडी घसरू लागली.

"मला एकट्याला जमत नाही रे!" मागचा ब्रेक ओरडला.

"अक्का, पाय थोडा सैल करा!" पुढचा ब्रेक म्हणाला. "गाडी सरळ धरा आणि मला दाबा. हिसका नको, हळूहळू घट्ट!"

अक्काने जीव मुठीत धरून बोटं आवळली. गाडीचं नाक झुकलं, दोन्ही चाकांनी रस्ता धरला आणि एका करडाच्या शेपटीशी गाडी थांबली.

"शाब्बास रे पठ्ठ्या!" मागचा ब्रेकच आधी ओरडला.

अक्काने टाकीवर थाप मारली. "यापुढे वळण यायच्या आधीच दोघांना हाक मारीन."

उरलेला घाट पुढचा ब्रेक गात गात उतरला.