पाहुण्यासाठी ठेवलेले पाणी

मुलांनो, भर दुपारीही जिथे जमिनीवर उन्हाचे तुरळक कवडसेच पडत, अशा एका जंगलात एक सशीण राहत असे. तिची तीन पिल्ले तापाने गेली होती. एकच उरले होते, आणि आता त्यालाही थंडी भरू लागली होती. तो ताप विलक्षण होता. सावल्या लांबू लागल्या की येई, अंग भाजून काढी आणि घाम फोडून निघून जाई. मधला दिवस पिल्लू खेळे. तिसऱ्या दिवशी ठरल्या वेळी दात पुन्हा वाजू लागत. त्या तापाचे नाव घ्यायला सगळेच भीत. ते त्याला 'पाहुणा' म्हणत.

पाहुण्याला दारातच पाणी मिळाले तर तो आत शिरणार नाही, असे म्हाताऱ्या साळिंदराने सांगितले होते. वाईट हेतूने नव्हे, एवढे त्याच्या बाजूने म्हटलेच पाहिजे. तेव्हापासून प्रत्येक बिळापुढे पाण्याने भरलेली कवठाची करवंटी असे. तिला शिवायचे नाही, ती सांडायची नाही. वारा नसतानाही त्या पाण्यात काहीतरी वळवळे. "पितोय तो," असे पुटपुटून प्राणी नजर खाली घालत.

सशिणीच्या दाराशी एक कोळी होता. तो म्हणाला, "ससूताई, तुमचा पाहुणा पितो कमी, वितो जास्त! पाण्याला हात न लावता वरून जाळे विणू का?" सशीण नको म्हणणार होती, पण आत पिल्लू कण्हत होते. "वीण," ती म्हणाली. आठव्या दिवशी जाळे काळेभोर झाले होते. डास! सगळे गोळा झाले. "बाहेरून आले असतील," साळिंदर म्हणाला. "बाहेरचे वरच्या अंगाला चिकटतात, आजोबा," कोळी म्हणाला. "हे सगळे खालच्या अंगाला आहेत, म्हणजे याच पाण्यातून निघालेले. आजाऱ्याचे रक्त पिऊन उठतात ते हेच, आणि धडधाकटांना चावतात तेही हेच." सशिणीने डोळे मिटून आपली करवंटी उपडी केली. बाकी कोणी हलले नाही. "अहो, माझी एकटीची सांडून काय होणार?" ती ओरडली. "तुमच्या दारचे डास माझ्या लेकराला ओळखून सोडून देतील का?"

साळिंदर आपल्या करवंटीकडे वळला. "म्हणजे गेलेल्या पिल्लांच्या दाराशी ते पाणी मीच..." त्याने आपली करवंटी पायाने लोटली. मग एकेक करून साऱ्या करवंट्या उपड्या झाल्या. ताप लगेच गेला नाही. आधीच अंगात शिरलेला ताप उतरेपर्यंत सशिणीने पिल्लाला कितीतरी दिवस कडू पाला चारला. दर आठवड्याला साळिंदर एकटाच दारोदार हिंडे, झाडांच्या ढोल्या आणि खुरांचे खळगे पाही, साचलेले पाणी मोडी. धुक्यात फक्त त्याच्या काट्यांची खुळखुळ ऐकू येई, आणि पिल्ले आईला बिलगत. अखेर एका तिसऱ्या दिवशी सावल्या लांबल्या. सशिणीने श्वास रोखून पिल्लाच्या छातीला कान लावला. "आई, सरक ना," ते कुरकुरले, "मला भूक लागलीय."

तात्पर्य : भीतीपोटी पाळलेली रीत कधी कधी संकटालाच पोसते. ती चुकीची आहे असे कळले, की एका दाराशी मोडून भागत नाही. सगळ्या दारांशी मोडावी लागते.