मुठीतली करंगळी

"विकू का ठेवू, आप्पा? एवढंच सांगा."

श्रेणिक मगदूम चपलांसकट ओसरीवर चढला होता. आप्पांची नजर त्याच्या पायांकडे गेली. तो मुकाट्यानं खाली उतरला, चपला काढल्या आणि पुन्हा वर आला.

सातलिंगाप्पा सुपात शेंगा घेऊन फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे बाजूला टाकले.

"काय विकायचं म्हणतोस?"

"हळद. दुसरं काय विकणार आम्ही?"

एके काळी सांगलीच्या हळद बाजारात आप्पांसारखा हात दुसरा नव्हता. तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर पंचा पडायचा आणि त्याखाली विकणारा घेणाऱ्याची बोटं धरायचा. हजार किती ते अख्ख्या बाजाराला ठाऊक असायचं, वरचे शेकडे बोटं सांगायची. चार बोटं धरली की चारशे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पत्ता लागायचा नाही.

आप्पांनी बाजारातली गादी सोडली आणि हरिपुरात, नदीकाठच्या या घरात येऊन राहिले. तरी अडलेला व्यापारी त्यांच्याकडे गुपचूप यायचाच. गुपचूप अशासाठी की, आपण अडलोय हे मार्केट यार्डात कळलं तर लोक अंगावर येतात.

श्रेणिक मात्र अडलेला नव्हता. निदान त्याचं म्हणणं तसं होतं.

"माझा अंदाज चुकलेला नाही आप्पा. हिंगोलीला जाऊन आलो, वसमतला जाऊन आलो. चिखलात उतरून स्वतःच्या हातानं कंद उपटून बघितलेत. आतून कुजलेत. निम्मं पीकसुद्धा हाताला लागायचं नाही. यार्डातल्या एकानं तरी शेताचा बांध बघितलाय का? सगळे स्क्रीनकडे बघून अक्कल पाजळतात. भाव वर जाणार म्हणजे जाणार."

"मग?"

"मग काही नाही. आठवडाभर पडतोय."

"पण तुला खात्री हाय."

"शंभर टक्के."

"मग हितं कशाला आलायस?"

श्रेणिकनं सुपातली एक शेंग उचलली आणि न फोडताच परत टाकली.

खरी गोष्ट अशी होती की, वडिलांच्या गाळ्यासकट होतं नव्हतं ते सगळं त्यानं या एका खरेदीत घातलं होतं. त्याचा मेहुणा आणि भागीदार सन्मती आत्ता दुकानात स्क्रीनसमोर बसला होता. बाजार पाचला बंद होणार, त्याच्या आत निरोप दे, नाहीतर मी सगळं विकून मोकळा होतो, असं सन्मतीनं बजावलं होतं. हे श्रेणिकनं आप्पांना सांगितलं, पण दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं.

आप्पांनी सूप बाजूला सारलं. खांद्यावरचा पंचा काढला.

"बस असा समोर. हात दे. तू विकणारा, मी घेणारा. सांग भाव."

श्रेणिकला हसू आलं. म्हाताऱ्याला जुने दिवस आठवलेले दिसतात, असं त्याला वाटलं. त्यानं पंच्याखाली आप्पांची पाचही बोटं मुठीत धरली. वर पाचशे!

आप्पा नदीकडे बघत राहिले...

बोटं दाबली नाहीत की ओढून घेतली नाहीत. होकार नाही, नकार नाही. काठावर कुणीतरी म्हैस धूत होतं. आप्पा ते बघत होते.

जरा जास्तच सांगितला असेल, श्रेणिकच्या मनात आलं. त्यानं आप्पांचा अंगठा सोडला.

आप्पा म्हशीकडे बघत होते...

त्याच्या खिशात फोन थरथरला. त्यानं आणखी एक बोट सोडलं. एवढा भाव तरी म्हातारा मान्य करेल! पण त्या हाताचं काही कळेना. तो गरम नव्हता, गार नव्हता, घाईत नव्हता. श्रेणिकच्या कानामागून घाम ओघळला. तिसरं बोट केव्हा सुटलं ते त्याला कळलंच नाही, चौथं सुटलं तेव्हा उलट बरंच वाटलं.

आप्पांनी पंचा उचलला.

श्रेणिकच्या मुठीत आप्पांची करंगळी तेवढी उरली होती.

"मी काय केलं रं?"

"काही नाही."

"मग भाव कुणी पाडला?"

"बाजार..." तो सवयीनं बोलून गेला.

"बाजार कुठाय हितं? मी हाय, तू हायस आणि ही टरफलं."

श्रेणिकनं मुठीतल्या करंगळीकडे बघितलं.

"चार बोटं सोडलीस. तेवढ्यात तिकडं हिंगोलीचा कुजका कंद बरा झाला काय?"

श्रेणिकला इतकी लाज वाटली की तिथून उठून पळावं. आठवडाभर तो यार्डाला शिव्या घालत होता, स्क्रीनला घालत होता, सन्मतीला तर रोजच. आणि त्याला लुटणारा हा असा त्याच्याच मनगटाला चिकटलेला होता. पण लाजेमागून त्याला रागही आला, आणि तो राग कामाचा निघाला.

"पुन्हा टाका पंचा."

"हात पूस आधी. गच्च ओला झालाय."

त्यानं हात पुसला. पाचही बोटं धरली.

या वेळी मात्र आप्पा गप्प बसले नाहीत. त्यांच्यातला जुना घेणारा जागा झाला होता.

"निजामाबादेत पोत्यांची थप्पी लागलीय म्हणं."

"लागू दे."

"मोठमोठी माणसं विकायलीत. ती काय खुळी हायत?"

"त्यांचं ती बघतील."

"तुझा मेहुणा शाणा हाय. त्यानं एव्हाना विकलं पण असंल."

हा घाव बरोबर बसला. श्रेणिकचा हात हलला. अंगठा सुटतो का काय असं झालं... आणि त्याला वसमतचं ते शेत आठवलं. उपटलेल्या गड्ड्याची घाण त्याच्या बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत येत होती. शेतकरी बांधावर उभा राहून नुसता बघत होता. तो वास खरा होता. आठवड्यात तो कुठेही गेलेला नव्हता.

त्याची मूठ आवळली गेली.

"आणि ते कंद चांगले निघाले असते तर?" आप्पांनी हळूच विचारलं.

"तर त्याच दिवशी विकून घरी आलो असतो."

"रडला नसतास?"

"कशाला रडायचं?"

हे आपणच बोललो का, याचं श्रेणिकला नवल वाटलं. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. फोन वाजत होता, वाजून थांबत होता, पुन्हा वाजत होता. त्याला ऐकू येत होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी काम होतं. आप्पा खोकले, उठायला लागले, हात ओढून बघितला. श्रेणिक सोडेना.

"अरे सोड की लेका! मुंग्या आल्या हाताला."

"भाव मान्य करा, मग सोडतो."

आप्पांनी त्याच्याकडे टक लावून बघितलं... आणि त्यांच्या तोंडभर हसू पसरलं. पंच्याखाली त्यांच्या बोटांनी श्रेणिकची मूठ कचकन दाबली.

"घेतली तुझी हळद! पाचाला घेतली!"

श्रेणिक मोठ्यानं हसला. पोतं नाही, पैसा नाही, कागद नाही, तरी एवढा मोठा सौदा त्यानं आयुष्यात केला नव्हता. त्याला आरोळी ठोकावीशी वाटली. त्यानं ती ठोकलीच. काठावरच्या म्हैसवाल्यानं वळून बघितलं.

मग त्यानं मोकळ्या हातानं फोन घेतला.

"अरे मेलायस का जिवंत आहेस?" सन्मतीचा आवाज ओसरीभर घुमला. "भाव सुटलाय वर! पीक गेल्याची बातमी आली! कालपर्यंत आपल्याला हसत होते ते सगळे घ्यायला धावलेत. तुला पाचपर्यंत वेळ दिला होता म्हणून हात आवरला, नाहीतर मघाशीच घात झाला होता. तू म्हणत होतास तेच खरं झालं रे! आता लवकर सांग, विकू का ठेवू?"

श्रेणिकचे डोळे भरून आले. त्यानं आप्पांकडे बघितलं.

आप्पांनी पंच्याखाली त्याचा तळहात चाचपला. तो कोरडा होता.

त्यांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला, सूप पुढ्यात ओढलं आणि एक शेंग फोडली.

"आता विकून टाक, न्हाईतर ठेव."